दहा ते पंचवीस मीटरवर .२२ रायफल: स्कोपचा पॅरलॅक्स ओळखा, मोजा, काढा

स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावलेली .२२ रायफल ५० मीटरवर चांगला ग्रुप देते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात. तोच नेमबाज तीच रायफल घेऊन २५ किंवा १० मीटरवर येतो आणि गोळ्या पसरतात. अंतर घटलं की ग्रुप लहान व्हायला हवा, इथे उलटंच होतं. मग काडतुसांना दोष दिला जातो, बॅरलला दिला जातो, ट्रिगरला दिला जातो आणि शेवटी स्वतःच्या हाताला. माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलीला धरणाऱ्या पकडीचे, स्क्रू आवळून होतात, झीरो (नेम तिथेच गोळी, अशी स्कोपची मांडणी) पुन्हा पुन्हा बदलला जातो, आणि दर वेळी तो नव्याच जागी सापडतो. अशा रायफलींमधल्या बऱ्याच ठणठणीत असतात. स्कोप दूरच्या अंतरासाठी जुळवलेला असतो, निशाणा जवळ असतो, आणि नेमबाजाचा डोळा प्रत्येक गोळीला स्कोपमागे थोडा वेगळ्या जागी बसतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जो घोळ होतो तो म्हणजे पॅरलॅक्स.

मराठवाड्यात हा प्रश्न जास्त भेटतो, कारण आपल्याकडे जवळच्या अंतरावरचा सरावच जास्त. एनसीसीत असताना .२२ हातात घेतलेल्या मुलामुलींना २५ यार्डांची रेंज माहीत असते. एअर रायफलवाल्यांचं सगळं जगच १० मीटरचं. आणि बाजारात मिळणारे बरेचसे साधे स्कोप मात्र १०० यार्डांसाठी जुळवून आलेले. स्कोप वाईट नसतो, तो वेगळ्या कामासाठी केलेला असतो.

नळीच्या आत काय होतं

स्कोपची पुढची मोठी काच निशाण्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करते. रेटिकल, म्हणजे आपली क्रॉसची रेघ, आत एका ठरलेल्या जागी बसवलेली असते. एका विशिष्ट अंतरावरच्या निशाण्याची प्रतिमा बरोबर त्या रेटिकलच्या पातळीवर पडते. निशाणा त्याहून जवळ असेल तर प्रतिमा रेटिकलच्या मागे, डोळ्याच्या बाजूला सरकते. दूर असेल तर रेटिकलच्या पुढे, मोठ्या काचेच्या बाजूला पडते. दोन वस्तू एका पातळीवर नसल्या की बघणारा सरकताच त्या एकमेकींवरून सरकताना दिसतात.

हे रायफलीशिवाय समजून घ्यायचं असेल तर बांधावर उभे राहा, एक डोळा मिटा, हात लांब करून अंगठा दूरच्या विजेच्या खांबावर धरा आणि मान जरा उजवीकडे न्या. अंगठा जागचा हलला नाही, तरी खांब त्याच्या उजवीकडे गेल्यासारखा दिसेल. जवळच्या निशाण्यावर स्कोप लावल्यावर अंगठ्याच्या जागी निशाणा असतो आणि खांबाच्या जागी रेटिकल.

यातून एक नियम निघतो, तो पाठ करून ठेवा, पुढे सगळीकडे लागेल. मान ज्या बाजूला नेली त्याच बाजूला रेटिकल गेलं, तर स्कोप निशाण्यापेक्षा दूरच्या अंतरावर जुळलेला आहे. रेटिकल उलट्या बाजूला गेलं, तर तो निशाण्यापेक्षा जवळच्या अंतरावर जुळलेला आहे. अजिबात सरकलं नाही, तर जुळणी बरोबर आहे, आणि मग डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी गोळी तिथेच जाईल.

चूक किती मोठी

इथे आकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पॅरलॅक्सबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘जवळच्या अंतरावर काही फरक पडत नाही.’ दुसरा सगळ्या चुका त्याच्याच माथी मारतो. हिशेब सोपा आहे. पुढच्या काचेचा व्यास निम्मा करा. स्कोप ज्या अंतरावर जुळलेला आहे त्यातून निशाण्याचं अंतर वजा करा, उत्तराला जुळणीच्या अंतरानं भागा, आणि त्या अपूर्णांकानं काचेच्या निम्म्या व्यासाला गुणा. येईल ती जास्तीत जास्त चूक, म्हणजे डोळा अगदी कडेला, चित्र काळं पडायच्या बेतात असताना होणारी.

४० मिलिमीटरची काच आणि १०० मीटरवर जुळलेला स्कोप घ्या. ५० मीटरच्या निशाण्यावर कमाल चूक १० मिलिमीटर. २५ मीटरवर १५. आणि १० मीटरवर १८ मिलिमीटर. अंतर कमी होत जातं तशी चूक मिलिमीटरमध्येही वाढत जाते. जवळ आल्यावर ग्रुप बिघडतो याचं कारण हेच. निशाणा अगदी नळीशी आला तरी चूक काचेच्या निम्म्या व्यासापलीकडे, म्हणजे इथे २० मिलिमीटरपलीकडे जात नाही.

रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या काडतुसांसाठी, केलेला स्कोप, ३२ मिलिमीटरची काच, ५० मीटरवर जुळलेला: २५ मीटरवर कमाल चूक ८ मिलिमीटर, १० मीटरवर जवळजवळ १३. चित्र सुधारलं, पण संपलं नाही. तुलनेला सांगतो, ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, आणि १० मीटर एअर रायफलचा दहा अवघा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका.

आता रोजच्या सरावात कोणाचाही डोळा कडेला नसतो, दोन-तीन मिलिमीटर चुकतो. त्याचाही हिशेब होतो, आणि त्यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. डोळा २ मिलिमीटर बाजूला असेल तर पुढच्या काचेवर तेच सरकणं मॅग्निफिकेशनच्या, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या पॉवरच्या, पटीत होतं. ४ पटीवर ८ मिलिमीटर, ९ पटीवर १८. वरच्या १०० मीटरवाल्या स्कोपनं २५ मीटरवर नेम धरला तर ४ पटीवर ६ मिलिमीटरची चूक, ९ पटीवर साडेतेरा मिलिमीटरची. मोठं दिसतंय म्हणजे अचूक दिसतंय, असं वाटून जवळच्या निशाण्यावर पॉवर पूर्ण चढवणारे नेमबाज आपली चूक दुपटीनं वाढवत असतात. जुळणी बदलता न येणारा स्कोप असेल तर १०-२५ मीटरवर पॉवर खाली आणा. हा एक बदल फुकट आहे आणि लगेच होतो.

हात लावण्याआधी

.२२ रायफल शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याची आहे आणि हे सगळं काम परवानगी असलेल्या रेंजवर, मागे भक्कम बंधारा असलेल्या ठिकाणी करायचं आहे. .२२ ची गोळी छोटी दिसते, पण दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. आपली जमीन सपाट, वस्त्या विखुरलेल्या, आणि काळ्या दगडावरून गोळी उडते. शेतात कडब्याच्या गंजीला कागद टोचून स्कोप जुळवायचा मोह कोणाला होत असेल तर तो सोडा. निशाणा कागदाचाच असावा. आपल्या शिवारात दिसणारं काळवीट असो वा मोर, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नं दोघांनाही पूर्ण संरक्षण आहे.

जुळणीचं बहुतेक काम रिकाम्या रायफलीवर होतं. मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघून आणि त्याच्या तोंडाशी बोट लावून खात्री करा, आणि गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोल्ट उघडाच राहू द्या. काडतुसांची पेटी वेगळ्या टेबलावर.

पहिलं काम डोळ्याकडच्या काचेचं

निम्मी गफलत इथेच होते. डोळ्याजवळची फिरणारी रिंग निशाणा स्पष्ट करण्यासाठी नाही. ती रेटिकल तुमच्या डोळ्याला स्पष्ट दिसावं यासाठी आहे. ती आधी लावली नाही तर पुढची सगळी जुळणी कच्च्या पायावर होते.

रायफल पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे रोखा. सूर्याच्या दिशेला चुकूनही नको, डोळा कायमचा जाऊ शकतो. आधी दूर कुठेतरी बघा, मग स्कोपमधून एक नजर टाका, एक-दोन सेकंद, आणि डोळा काढा. त्या पहिल्या क्षणात रेटिकल काळंभोर, धारदार दिसलं का? नसेल तर रिंग थोडी फिरवा आणि पुन्हा नजर टाका. टक लावून बघत बसू नका, कारण आपला डोळा काही क्षणांत स्वतःला जुळवून घेतो आणि धूसर रेघसुद्धा स्पष्ट वाटायला लागते. तरुण डोळा तर फारच पटकन जुळवतो, म्हणून कॉलेजच्या मुलांची इथे जास्त फसगत होते. जमलं की रिंगवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण करा. चष्मा लावून नेम धरत असाल तर चष्मा लावूनच हे करा.

कागद, अंतर, पोतं

अंतर पावलांनी मोजू नका, तीस मीटरचा टेप आणा. स्कोपच्या पुढच्या काचेपासून कागदापर्यंत १०, २५ आणि जमल्यास ५० मीटरवर खुणा करा. ५० मीटरवर दोन पावलांनी काही बिघडत नाही, १० मीटरवर एका पावलानंही जुळणी बदलते. काही स्कोपना जुळणीचं अंतर बदलणारा नॉब असतो, त्यावरचे आकडे बहुधा यार्डांत असतात. १ यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, म्हणजे २५ यार्ड हे साधारण २३ मीटर आणि ५० यार्ड हे ४६ मीटर.

कागदावर गोल काळा ठिपका न ठेवता ग्राफ पेपर चिकटवा. १ सेंटिमीटरच्या चौकोनांवर रेटिकल किती सरकलं ते डोळ्यांनी मोजता येतं.

रायफल हलली तर परीक्षा वाया गेली, म्हणून टेकू भक्कम हवा. बारदानाचं पोतं निम्मं भरून पुढे, लहान पिशवी बटाखाली, म्हणजे रायफलीच्या खांद्याकडच्या भागाखाली. आत चाळलेली कोरडी वाळू भरा. काळी माती भरू नका, ती ओल धरते, वाळली की ढेकूळ होते आणि रायफल तिच्यावर डगमगते. रेटिकल चौकोनांच्या एका छेदबिंदूवर आणा आणि हात काढून घ्या. हात काढल्यावरही ते तिथेच राहिलं पाहिजे.

मान हलवा, रायफल नको

आता गाल बटाला न लावता डोळा स्कोपमागे आणा. पूर्ण गोल चित्र दिसलं की सावकाश, नकार देतो तशी मान डावी-उजवी न्या, चित्राच्या कडेला काळी सावली येईपर्यंत. मग होकार देतो तशी वर-खाली. रेटिकल त्या छेदबिंदूवरून किती चौकोन सरकतं ते बघा आणि दिशा नोंदवा: मानेसोबत की उलट.

ही परीक्षा पॉवर सगळ्यात जास्त ठेवून करा. सरकणं तिथे ठळक दिसतं. झाल्यावर पॉवर पुन्हा खाली आणायला विसरू नका.

वेळ सकाळची निवडा. आपल्याकडे मार्च उजाडला की दहा वाजल्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे तर नऊलाच कागद पाण्यात असल्यासारखा डुलतो. नवख्याला तो डुलणारा कागद पॅरलॅक्स वाटतो. फरक ओळखणं सोपं आहे: मान अगदी स्थिर ठेवा. तरीही चित्र हलत असेल तर ती हवा आहे. मान स्थिर ठेवल्यावर थांबलं आणि हलवल्यावर सरकलं, तर तो पॅरलॅक्स.

नॉब असलेल्या स्कोपची जुळणी

काही स्कोपमध्ये पुढची काच रिंगसकट फिरते, काहींमध्ये डाव्या बाजूला नॉब असतो. काम दोन्हीचं एकच. रेटिकल मानेसोबत सरकत असेल तर नॉब लहान आकड्याकडे फिरवा, उलट सरकत असेल तर मोठ्या आकड्याकडे. सरकणं शून्य झालं की थांबा.

नेहमी एकाच बाजूनं या. मी अनंताकडून सुरू करून लहान आकड्याकडे येतो. नॉबच्या आत थोडी ढिलाई असते. त्यामुळे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून येऊन त्याच आकड्यावर थांबलात तरी आतली काच एकाच जागी नसते. पुढे गेलात तर परत थोडं मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेनं या.

नॉबवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. तो कारखान्यात एका तापमानाला, कोणाच्या तरी डोळ्यासाठी ठरवलेला असतो. डिसेंबरच्या परभणीतली पहाट आणि एप्रिलची दुपार यांत तीसेक अंशांचा फरक पडतो आणि काच, धातू, सगळंच थोडं हलतं. नॉबभोवती पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवा आणि १०, १५, २०, २५, ५० मीटरच्या स्वतःच्या खुणा पेन्सिलीनं करा. जवळच्या अंतरांच्या खुणा एकमेकींपासून लांब येतील, दूरच्या अगदी खेटून. ते बरोबरच आहे.

आणि हे ठामपणे सांगतो: चित्र स्पष्ट दिसतंय म्हणजे पॅरलॅक्स गेला, असं समजू नका. दोन्ही जागा बहुधा जवळजवळ असतात, पण एकच असतील याची खात्री नाही. डोळा धूसरपणा भरून काढतो, सरकणं भरून काढू शकत नाही. चित्र अंमळ धूसर आणि रेटिकल स्थिर, किंवा चित्र झकास आणि रेटिकल सरकतंय, असा प्रसंग आला तर पहिलं निवडा. फरक फार असेल तर डोळ्याकडची रिंग नीट लागलेली नाही. मागे जाऊन ती पुन्हा लावा.

नॉब नसेल तर

बहुतेक वाचकांकडे हाच स्कोप असणार, म्हणून इथे जास्त वेळ घालवतो. नवा महाग स्कोप घ्या, हे उत्तर मला पटत नाही. या स्कोपवरही २५ मीटरवर उत्तम काम होतं.

सगळ्यात जास्त फायदा देणारी गोष्ट म्हणजे पुढच्या काचेवर भोकाचं झाकण. वरच्या हिशेबात कमाल चूक काचेच्या व्यासावर अवलंबून होती. मग व्यासच लहान करा. ४० मिलिमीटरच्या काचेवर मधोमध १६ मिलिमीटरचं भोक असलेलं झाकण बसवलं की २५ मीटरवरची कमाल चूक १५ वरून ६ मिलिमीटरवर येते, १० मीटरवरची १८ वरून साधारण ७ वर. शिवाय लहान भोकामुळे जवळचा कागदही जास्त स्पष्ट दिसतो. उजेड कमी होतो, पण आपल्याकडच्या उन्हात उजेडाची टंचाई नसते.

पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायला, शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे रिंग, एवढ्यावर नेम. ते बारीक छिद्र डोळ्याला इकडेतिकडे जायला जागाच ठेवत नाही. झाकणाचं भोकही स्कोपमागे तेच करतं. ४ पटीच्या स्कोपला ४० मिलिमीटरच्या काचेतून डोळ्याकडे १० मिलिमीटर रुंद प्रकाशझोत येतो, त्यात डोळा कुठेही बसला तरी चित्र दिसतं. १६ मिलिमीटरच्या भोकानं तो झोत ४ मिलिमीटरचा होतो. डोळा जागेवर नसेल तर चित्रच काळं पडतं, आणि चूक गोळी सुटण्याआधी कळते.

झाकण घरी करता येतं. जाड काळा कार्डबोर्ड घ्या, कंपासनं काचेच्या बाहेरच्या रिंगएवढं वर्तुळ आणि त्याच केंद्रावरून १६ मिलिमीटरचं दुसरं वर्तुळ आखा, नव्या ब्लेडनं कापा, भोकाची कड बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. रिंगवर घट्ट बसेल अशी काठाची पट्टी लावा. गोंद किंवा टेप काचेला लागता कामा नये. आतली बाजू चकाकणारी नको. स्कोपचं प्लास्टिकचं झाकण असेल तर त्यालाच मधोमध भोक पाडलं तर जास्त टिकेल. भोक किती मोठं, याचा माझा अंदाज: वापरायच्या पॉवरला ४ नं गुणा, तेवढे मिलिमीटर. बंद हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली सराव असेल तर ५ नं.

भोक केंद्रात असणं फार महत्त्वाचं आहे. ते ३ मिलिमीटर डावीकडे गेलं तर तुम्ही कायम ३ मिलिमीटर डावीकडूनच बघणार, आणि २५ मीटरवर प्रत्येक गोळी दोनेक मिलिमीटर उजवीकडे जाणार. ग्रुप लहान येईल, पण सरकलेला. म्हणून झाकण बसवल्यानंतर झीरो नव्यानं करा आणि झाकण दर वेळी त्याच कोनात बसावं म्हणून त्यावर आणि रिंगवर खूण ठेवा.

दुसरी गोष्ट गालाची. भारतात फिरणाऱ्या जुन्या .२२ रायफलींचे बट साध्या साइटसाठी केलेले आहेत. त्यावर स्कोप चढवला की डोळा वर उचलावा लागतो, गाल सुटतो, हनुवटी टेकते, आणि डोळा प्रत्येक गोळीला नवी जागा शोधतो. आधी माउंट शक्य तितका बुटका घ्या, स्कोप बॅरलला न लागता जेवढा खाली बसेल तेवढा. मग बटावर फोमचे तुकडे ठेवून क्रेप बँडेजनं गुंडाळा आणि उंची हळूहळू वाढवा. कसोटी अशी: डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गालाचं पूर्ण वजन सोडा, डोळे उघडा. मान न हलवता पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. सावली खालून दिसली किंवा वरून, त्याप्रमाणे फोमचा एक थर काढून किंवा घालून बघा. बोल्ट मागे येताना फोमला अडत नाही ना, तेही पाहा.

तिसरी युक्ती गोळी झाडतानाची. डोळा नेहमीपेक्षा किंचित मागे घ्या, चित्राभोवती काळी कड दिसू लागेल. ती कड चारी बाजूंनी सारखी जाड झाली की डोळा मधोमध आहे. एका बाजूला जाड असेल तर गोळी थांबवा. सुरुवातीला हे संथ वाटतं, नंतर नजर ते आपोआप तपासते.

चौथा मार्ग पुढची काच फिरवून जुळणीचं अंतर कायमचं बदलण्याचा. अनेक साध्या स्कोपमध्ये पुढची शोभेची रिंग काढली की आत काचेची चूडीदार चौकट आणि तिला रोखणारी रिंग असते. चौकट बाहेर काढत नेली की जुळणीचं अंतर जवळ येतं. हालचाल किती बारीक, ते बघा: काचेचं नाभीय अंतर १५० मिलिमीटर असेल तर १०० मीटरवरून २५ मीटरवर आणायला काच जेमतेम ०.७ मिलिमीटर पुढे यावी लागते. म्हणजे पाव-पाव फेरा फिरवायचा, पुन्हा मान हलवून बघायचं. पण नळीतला कोरडा वायू यात निघून जातो, वॉरंटी संपते, आणि जूनच्या दमट हवेत उघडलेला स्कोप पुढे वर्षभर आतून धुकट राहतो. करायचंच असेल तर हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत, बंद खोलीत, वाऱ्यावर धूळ नसताना करा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या घरात तर नकोच. मुळात झाकण आणि गालाची उंची, एवढ्यानं ज्यांचं काम भागत नाही त्यांनीच या वाटेला जावं.

गोळीनं पडताळा

जुळणी झाल्यावर २५ मीटरवर, पोत्यावरून, एकाच पेटीतली काडतुसं घेऊन तीन वेगळे कागद मारा. पहिल्यावर डोळा मधोमध ठेवून पाच गोळ्या. दुसऱ्यावर डोळा मुद्दाम डावीकडे, सावली दिसायला लागेपर्यंत नेऊन तीन. तिसऱ्यावर तसाच उजवीकडे नेऊन तीन. तिन्ही ग्रुपचे मध्य कागदावर काढा.

स्कोप निशाण्यापेक्षा दूरवर जुळलेला असेल तर डोळा डावीकडे असताना गोळ्या उजवीकडे जातील आणि उजवीकडे असताना डावीकडे. डाव्या-उजव्या मध्यांतलं अंतर निम्मं करा, ती तुमची प्रत्यक्षातली कमाल चूक. ती काडतुसांच्या स्वाभाविक पसऱ्यापेक्षा कमी आली की जुळणी पुरेशी झाली. आणखी मागे लागण्यात अर्थ नाही. डोळा मधोमध असतानाच पाच गोळ्या पसरत असतील तर पॅरलॅक्स सोडा आणि माउंट, काडतूस, ट्रिगर यांच्याकडे वळा.

ज्याला पॅरलॅक्स समजलं जातं, ते दुसरंच

स्कोप बॅरलच्या चार सेंटिमीटर वर असतो. ५० मीटरवर झीरो केलेल्या, साधारण ३२० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या .२२ गोळीचा मार्ग २५ मीटरवर नजरेच्या रेषेच्या सुमारे दीड सेंटिमीटर वर असतो, आणि १० मीटरवर सुमारे एक सेंटिमीटर खाली. हा गोळीचा मार्ग आहे. तो दर वेळी तेवढाच, फक्त वर किंवा खाली. पॅरलॅक्सची चूक कुठल्याही दिशेला आणि दर गोळीला निराळी. म्हणून कागद वाचताना सवय लावा: ग्रुप घट्ट पण वर किंवा खाली, तर टरेट, म्हणजे झीरो बदलायची स्कोपवरची बटणं, फिरवा. ग्रुपच फुटलेला, तर डोळ्याची जागा आणि जुळणी तपासा. फुटलेल्या ग्रुपवर टरेट फिरवत बसलं की काडतुसं संपतात आणि हाती काही लागत नाही. .२२ ची काडतुसं आपल्याला ठरलेल्या कोट्यात मिळतात, ती अशी घालवू नयेत.

नवा स्कोप घेणार असाल तर

पॉवर आणि काचेचा आकार यांच्याआधी एकच प्रश्न विचारा: नॉब किती जवळ येतो? ‘साइड फोकस’ लिहिलेल्या कितीतरी स्कोपची सुरुवातच ५० यार्डांपासून होते, आणि १०-२५ मीटरवाल्याला त्यांचा काही उपयोग नाही. १० यार्डांपर्यंत येणारा हवा. स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावायचा असेल तर तो अशा रायफलीचा दुहेरी धक्का सोसेल, असं कंपनीनं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर रेटिकल आतून निखळतं. काच ३२ मिलिमीटरची असली तरी या अंतरांना भरपूर झाली.

दुकानातही मान हलवण्याची परीक्षा करता येते. स्कोप पेटीच्या खाचेत किंवा दोन पुस्तकांमध्ये घट्ट टेकवा, दारातून समोरच्या पाटीवरच्या एका अक्षराच्या कोपऱ्यावर रेटिकल आणा, अंतर अंदाजे दहा-पंधरा मीटर असेल असं बघा. नॉब फिरवत नेऊन ते अक्षर मानेबरोबर हलायचं थांबतं का, ते पाहा. सगळ्यात लहान आकड्यावरही रेटिकल मानेसोबत जात असेल, तर तो स्कोप तुमच्या अंतरासाठी नाही, पेटीवर काहीही छापलेलं असो.